नवशिक्यानें पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी ?

अंथरूण पाहून पाय पसरावे, अशी आपल्याकडे म्हण आहे. पहिली मोटारसायकल घ्यावयास निघालेल्या तरुणाला ती थोडी फिरवून सांगावीशी वाटते : पाय पाहून गाडी घ्यावी. बैठकीवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरतात काय, आडवी पडलेली गाडी आपल्या बळानें उभी करतां येते काय, आणि तिचा खर्च घरच्या मिळकतींत बसतो काय, हे तीन प्रश्न ज्यानें आधीं विचारले त्याची निवड सहसा चुकत नाहीं.

शाळेच्या वार्षिकांत हा विषय घेण्यास कारण आहे. दहावीची परीक्षा जवळ आली कीं "पास झालास तर गाडी घेऊन देऊं," असें वचन पुष्कळ घरांतून दिलें जातें. वचन देणाऱ्याचें प्रेम खरें असतें, आणि मागणाऱ्याची हौसहि खरी असते. परंतु ज्या वयांत हें वचन दिलें जातें त्या वयांत तें पाळणें हा कायद्यानें गुन्हा आहे. आणि ज्या गाडीविषयीं तें दिलें जातें ती बहुधा शिकाऊ मनुष्याच्या मापाची नसते. ह्यास्तव विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या वडीलधाऱ्यांनीं हा पाठ एकत्र बसून वाचावा, अशी विनंती आहे.

गाडीची गरज

मोटारसायकल ही चैनीची वस्तु आहे, असें आपल्या भागांत तरी म्हणतां येणार नाहीं. खर्डी हें मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील स्टेशन आहे. मुंबईपासून तें लोहमार्गानें सुमारें १०८ किलोमीटर पडतें. कामासाठीं अथवा शिक्षणासाठीं कल्याण-ठाण्याकडे जाणारा मनुष्य पहांटेची लोकल पकडतो. पण स्टेशनापर्यंत यावयाचें तर पाड्यावरून कांहीं किलोमीटर वाट तुडवावी लागते. शहापूरचा बाजार, किन्हवली-डोळखांबकडील नातेवाईक, मुरबाडचें काम, आजाऱ्याला दवाखान्यांत नेणें, ह्या सर्वांना वाहन लागतें, आणि एस. टी. ची वेळ प्रत्येकाच्या वेळेशीं जुळतेच असें नाहीं. म्हणून गाडी घ्यावी कीं न घ्यावी, हा वाद आम्ही घालीत नाहीं. केव्हां घ्यावी आणि कोणती घ्यावी, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

लहान यंत्राची परंपरा

कित्येकांस असें वाटतें कीं लहान गाडी ही गरिबाची गाडी, आणि मोठी ती खरी मोटारसायकल. इतिहास मात्र वेगळें सांगतो. जर्मनींतील गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख ह्यांनीं १८८५ सालीं पेट्रोलच्या इंजिनावर चालणारें दुचाकी वाहन बांधलें. त्याची शक्ति अवघी अर्ध्या अश्वशक्तीची होती, आणि तोल जाऊं नये म्हणून त्याला दोन बाजूंस दोन लहान आधारचाकें लाविलीं होतीं. चालावयास शिकणाऱ्या मुलाला पांगुळगाडा द्यावा, त्यांतलाच तो प्रकार होय.

पुढें जपानांत सोइचिरो होंडा ह्यांच्या कारखान्यानें १९५८ सालीं "सुपर कब" नांवाची ५० घन सेंटिमीटर इंजिनाची हलकी गाडी काढली. एका हाताला दुसरें काम असलें तरी चालवितां यावी, अशा बेतानें ती रचली होती. ह्या कुळांतील गाड्यांची संख्या २०१७ सालीं दहा कोटींच्या वर गेली. जगांत दुसऱ्या कोणत्याहि मोटार-वाहनाचा एवढा प्रसार झालेला नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतहि हीच गोष्ट घडली. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीनें १९७२ सालीं ५० घन सेंटिमीटरची "लूना" बाजारांत आणली, आणि शिक्षक, कारकून, दूधवाले व गृहिणी ह्यांना प्रथमच स्वतःचें वाहन मिळालें. नंतर बजाजची एम-८० खेडोपाडीं दुधाच्या किटल्या वाहूं लागली. १९८५ सालीं हिरो होंडाची "सीडी १००" ही चार धावांच्या इंजिनाची गाडी आली. तोंपर्यंतच्या बहुतेक दुचाक्यांत पेट्रोलमध्यें ऑइल मिसळावें लागे, धूर फार होई व इंधनहि अधिक जळे. शंभर घन सेंटिमीटरच्या ह्या गाडीनें थोड्या पेट्रोलांत लांबचा पल्ला गांठून दाखविला, आणि तेव्हांपासून आजपावेतों त्या वर्गाची गाडी हीच खेड्यांतील मुख्य गाडी होऊन राहिली आहे. पुण्याजवळ आकुर्डी व चाकण येथें हा धंदा केवढा वाढला, हें सर्वांस ठाऊक आहेच. सारांश, लहान गाडीनें चालणाऱ्यास कमीपणा वाटण्याचें कांहीं कारण नाहीं.

वय आणि कायदा

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें सार्वजनिक रस्त्यावर मोटारसायकल चालविण्यास अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. सोळा वर्षें पूर्ण झालेल्यास सवलत आहे, पण ती केवळ ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनापुरती. "गिअर नसलेली स्कूटर सोळाव्या वर्षीं चालते," असा समज पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तो चुकीचा आहे. हल्लींच्या साधारण स्कूटरचें इंजिन शंभराहून अधिक घन सेंटिमीटरचें असतें, आणि म्हणून तिला ही सवलत लागूं पडत नाहीं.

२०१९ सालच्या दुरुस्तीनें ह्या बाबतींत शिक्षा कडक केली आहे. अज्ञान मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. मुलांनो, ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. सोळाव्या वर्षींची एक फेरी पुढील नऊ वर्षांच्या नोकरीधंद्यावर पाणी फिरवूं शकते.

अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर प्रथम शिकाऊ परवाना काढावा. तो सहा महिने चालतो. आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. ह्या काळांत गाडीच्या पुढें व मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें "एल्" अक्षर लावावें लागतें, आणि शिकविणाऱ्या परवानाधारकाशिवाय दुसऱ्या कोणासहि मागें बसवितां येत नाहीं. गिअरची आणि बिनगिअरची अशा दोन वर्गांचे परवाने वेगळे असतात, हेंहि अर्ज करण्यापूर्वीं लक्षांत घ्यावें.

घन सेंटिमीटर म्हणजे काय ?

दुकानांत "शंभर सी.सी.", "दीडशें सी.सी." असे शब्द कानीं पडतात. ह्याचा अर्थ सातवी-आठवीच्या मुलासहि काढतां येईल. इंजिनांत एक नळकांडें असतें व त्यांत एक दट्ट्या खालींवर धांवतो. दट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला म्हणजे नळकांड्याचें जेवढें घनफळ तो व्यापतो, तितके इंजिनाचे घन सेंटिमीटर. उदाहरणार्थ, हिरो स्प्लेंडर ह्या गाडीच्या नळकांड्याचा व्यास ५ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धांव ४.९५ सेंटिमीटर आहे. त्रिज्येचा वर्ग ६.२५, त्यास ३.१४१६ नें व ४.९५ नें गुणिलें असतां ९७.२ घन सेंटिमीटर येतात. गाडीच्या कागदावर हाच आंकडा छापलेला असतो.

हें घनफळ जितकें मोठें तितकें एका वेळीं जळणारें पेट्रोल व हवा अधिक, आणि साधारणपणें शक्तिहि अधिक. शंभर घन सेंटिमीटरच्या गाडींत सुमारें आठ अश्वशक्ति असते. साडेतीनशेंच्या बुलेटमध्यें सुमारें वीस. आठ अश्वशक्तीची गाडी दोन माणसांना घेऊन आपल्या चढणी चढून जाते. शिकाऊ मनुष्याच्या दृष्टीनें तिचा मोठा गुण असा कीं ॲक्सिलरेटर चुकून अधिक पिळला गेला तरी गाडी हातांतून निसटून जात नाहीं. चूक उमगून ती सुधारण्यास क्षणभर सवड मिळते. शिकणें म्हणजे चुका करीत करीत सुधारणें. म्हणून चुकीला क्षमा करणारी गाडी ही पहिली गाडी असावी.

वजन आणि उंची

आतां दोन मापें पाहूं. बाजारांतील शंभराच्या आसपासच्या गाड्यांपैकीं होंडा शाईन १०० हिचें वजन सुमारें ९९ किलो, हिरो स्प्लेंडर प्लसचें सुमारें ११२, आणि बजाज प्लॅटिना १०० हिचें सुमारें ११७ किलो आहे. साडेतीनशेंची बुलेट १९५ किलोची आहे. शहापूरकडील शेतकऱ्याच्या मुलाला हें निराळें समजावून सांगावयास नको. भाताचें पन्नास किलोचें पोतें त्यानें उचललें आहे. शाईन म्हणजे अशीं दोन पोतीं, आणि बुलेट म्हणजे जवळ जवळ चार. पावसाळ्यांत चिखलांत आडवी झालेली गाडी एकट्यानें उभी करावयाची वेळ येते, तेव्हां हा फरक कळतो.

बैठकीची उंची ह्या लहान गाड्यांत साधारणपणें ७८५ ते ८०७ मिलिमीटर असते. आंकडा पाठ करण्यापेक्षां दुकानांत जाऊन स्वतः बसून पाहावें. नेहमींचीं पादत्राणें घालून बसावें; दोन्ही पायांचे तळवे जमिनीवर टेकले पाहिजेत. नुसतीं बोटें टेकत असतील तर गाडी मोठी समजावी. मग गाडी बंद असतांनाच हँडल धरून ती पायीं ढकलीत न्यावी, मागें घ्यावी, वळवावी, डबल स्टँडवर लावावी व उतरवावी. एवढें करतां करतां दम लागला किंवा गाडी अंगावर कलली, तर ती आपल्या मापाची नव्हे. हें सर्व करतांना एक पैसाहि खर्च होत नाहीं, तरी शंभरांतील नव्वद माणसें तें करीत नाहींत; "ॲव्हरेज किती ?" एवढें विचारून परत येतात.

मुलींनीहि हीच परीक्षा करावी. मुलीची गाडी म्हणजे स्कूटरच, असा नियम कोठें लिहिलेला नाहीं. शेतमाल न्यावयाचा, खडकाळ वाटेनें जावयाचें, तर मोठ्या चाकांची हलकी मोटारसायकल स्कूटरपेक्षां खड्ड्यांतून अधिक सुखरूप जाते. ज्यांस क्लच-गिअरची कटकट नको व ओझें वाहावयाचें आहे, त्यांस टीव्हीएस एक्सएल १०० सारखी क्लच नसलेली गाडी सोयीची पडते.

वेग आणि थांबण्याचें अंतर

पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण शिकतों कीं धांवत्या वस्तूची गतिजन्य शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते, आणि थांबावयाचें म्हणजे ही सारी शक्ति ब्रेकांत जिरवावी लागते. ह्याचा हिशेब करून पाहूं. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबीपर्यंत एक सेकंद जातो असें धरूं, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेकानें वेग दर सेकंदास सेकंदागणिक ५ मीटरनें कमी होतो असें धरूं. मग

ताशीं ३० किलोमीटर वेग असतां गाडी सुमारें १५ मीटरांत थांबते;
ताशीं ४० असतां सुमारें २३ मीटरांत;
ताशीं ६० असतां सुमारें ४४ मीटरांत;
ताशीं ८० असतां सुमारें ७२ मीटरांत.

पावसानें रस्ता ओला होऊन ब्रेकाचा जोर ५ ऐवजीं ३ वर आला, तर ताशीं ६० च्या वेगास ४४ ऐवजीं ६३ मीटर लागतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत रस्त्यावर बसलेलें ढोर एवढ्या अंतरावरून दिसेलच, असें कोणी सांगावें ?

भारत सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं. त्यांत शेंकडा ४४.५ माणसें दुचाकीवरचीं होतीं. हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा त्या एका वर्षांत मृत्यु झाला. आणि त्यांपैकीं १४,३३७ चालविणारे नसून मागें बसलेले होते. म्हणून गाडीच्या किंमतींतच दोन हेल्मेटांची किंमत धरावी, एक पुढच्याचें व एक मागच्याचें. त्यांवर आय. एस. आय. चें चिन्ह व "आयएस ४१५१" हा क्रमांक असावा. १ जून २०२१ पासून ह्या चिन्हाशिवाय दुचाकीचें हेल्मेट विकण्यास मनाई आहे. हनुवटीखालचा पट्टा न लावलेलें हेल्मेट डोक्यावर नसल्यासारखेंच होय. आपटतांच तें आधीं उडून जातें.

ब्रेकांविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुढचा ब्रेक धोक्याचा, असें म्हणून पुष्कळ जण तो वापरीतच नाहींत. वस्तुतः ब्रेक लागतांच गाडीचा व बसणाऱ्याचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळें पुढच्या चाकाची पकड वाढते व मागच्याची घटते. दोन्ही ब्रेक एकदम, पण क्रमाक्रमानें दाबावे, हा खरा नियम. एप्रिल २०१९ पासून १२५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक, व त्याहून मोठ्या गाड्यांना चाक जाम होऊं न देणारी योजना असणें बंधनकारक झालें. जुनी गाडी घेतांना तिच्यांत ह्यांपैकीं कांहीं आहे कीं नाहीं, हें विचारावें.

जुनी कीं नवी ?

शिकतांना गाडी एकदोन वेळां पडणारच. ह्या कारणास्तव चांगल्या स्थितींतील जुनी लहान गाडी ही शिकण्यास उत्तम. मात्र ती पाहतांना भरंवशाचा मिस्त्री बरोबर न्यावा, व पुढील गोष्टी तपासाव्या. इंजिन थंड असतांना किक मारून पाहावें; विकणाऱ्यानें आधींच तापवून ठेविलें असेल तर खोड लपते. मागून निळसर धूर निघाला तर ऑइल जळत आहे असें समजावें. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवर ऑइल ओघळलेलें नसावें. चाक फिरवून तें लचकत नाहीं ना, चेन सैल व दांतरें झिजलेलीं नाहींत ना, टायरची नक्षी शिल्लक आहे ना, हें पाहावें.

यंत्रापेक्षांहि कागदांकडे अधिक लक्ष द्यावें. आर. सी. वरील इंजिन क्रमांक व चॅसी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं अक्षरशः जुळले पाहिजेत. नोंदणी पंधरा वर्षांची असते. तिचीं किती वर्षें उरलीं तें पाहावें. मागील कर्जाचा बोजा नोंदलेला असल्यास तो उतरल्याचें पत्र मागावें. विमा व धुराचें प्रमाणपत्र चालू असावें. पैसे दिल्यावर गाडी आपल्या नांवावर करून घेण्यास विलंब करूं नये. नांव जुन्या मालकाचें व चाक आपल्या हातीं, अशी स्थिति दोघांसहि घातक आहे.

नवी गाडी घेतल्यास १ सप्टेंबर २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणें तिसऱ्या पक्षाचा पांच वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागतो. दुकानांतील पाटीवरची किंमत व रस्त्यावर येईपर्यंतची किंमत ह्यांत कर, नोंदणी व विमा मिळून बराच फरक पडतो. म्हणून सर्व खर्च धरून एकच आंकडा लिहून मागावा.

हप्त्यांचा हिशेब

बहुतेक घरांतून गाडी हप्त्यांवर घेतली जाते. येथें गणिताचा उपयोग करावा. समजा, ६०,००० रुपये कर्ज तीन वर्षांसाठीं घेतलें आणि "बारा टक्के सपाट" असें सांगण्यांत आलें. सपाट व्याज म्हणजे पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर तिन्ही वर्षें आकारलेलें व्याज. तें २१,६०० रुपये होतें. एकंदर परतफेड ८१,६००, आणि दरमहाचा हप्ता सुमारें २,२६७ रुपये. परंतु दर महिन्यास आपण मुद्दल फेडीत असतों, म्हणजे कर्ज घटत असतें. घटत्या शिल्लकीवर मोजलें तर हाच दर वर्षास सुमारें एकवीस टक्के पडतो. तेव्हां "टक्के किती ?" ह्याबरोबर "सपाट कीं घटत्या शिल्लकीवर ?" हा प्रश्न विचारल्यावांचून सही करूं नये.

पेट्रोलचाहि हिशेब करावा. पाड्यापासून स्टेशन दहा किलोमीटर आहे आणि महिन्यास पंचवीस दिवस जाणें-येणें आहे असें धरूं. म्हणजे पांचशें किलोमीटर झाले. गाडी लिटरास साठ किलोमीटर जात असेल तर सुमारें सव्वाआठ लिटर लागतील. पस्तीस जात असेल तर सव्वाचौदा. दर महिन्याचे हे सहा लिटर तीन वर्षांत दोनशें सोळा लिटर होतात. मोठ्या गाडीच्या अधिक किंमतींत, अधिक व्याजांत व अधिक विम्यांत हे मिळवा. एखाद्या मुलाच्या अगर मुलीच्या पुढील शिक्षणाचा खर्च त्यांतून भागण्यासारखा असतो. गाडी धाकट्या भावंडाच्या शिक्षणावर येऊन पडूं नये, एवढें तरी प्रत्येक घरानें पाहावें.

शिकण्याचा क्रम

गाडी योग्य निवडली तरी शिक्षण बेताल असेल तर निवडीचा उपयोग नाहीं. प्रथम मोकळें मैदान पाहावें. पहिल्या दिवशीं इंजिन बंद ठेवून गाडी ढकलणें, उभी करणें, ब्रेक दाबणें. नंतर क्लच : इंजिनाची शक्ति चाकाकडे जाऊं देणारा अथवा तोडणारा तो दुवा आहे. पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटर न पिळतां, नुसता क्लच हळूहळू सोडून गाडी चालूं लागते कोठें, तो बिंदु बोटांना ओळखूं यावा. हें साधलें कीं अर्धें शिक्षण झालें. मग थांबणें, पुन्हां निघणें, चढावर निघणें, आणि अगदीं मंद गतीनें आठाच्या आंकड्यासारखें वळणें. तीं सर्व अंगवळणीं पडल्यावर गांवची वर्दळ नसलेली वाट, त्यानंतर वाहता रस्ता, आणि महामार्ग सर्वांच्या शेवटीं.

महामार्गाविषयीं थोडें निराळें सांगणें जरूर आहे. आपल्या भागांतून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग कंटेनर व ट्रक ह्यांनीं रात्रंदिवस वाहतो. मोठें वाहन जवळून वेगानें गेलें म्हणजे हवेचा धक्का हलक्या गाडीला जाणवतो. ह्या एका बाबतींत लहान गाडी उणी आहे, हें मान्य केलें पाहिजे. उपाय असा कीं डावीकडून, बेताच्या वेगानें जावें, व ट्रकचालकाच्या आरशांत आपण दिसत नाहीं अशा जागीं रेंगाळूं नये. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यांतून जातो. पण त्या मार्गावर दुचाकीस मनाई आहे, हें ध्यानांत असावें.

खर्डीहून कसारा सुमारें १३ किलोमीटर, आणि पुढें घाट. उतारावर पेट्रोल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रल करून सोडण्याची खोड पुष्कळांस असते. त्या वेळीं इंजिनाची ओढ नाहींशी होते, सर्व भार ब्रेकांवर पडतो, ते तापतात व त्यांची पकड ढिली होते. ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत तो उतरावा, हा जुना नियम आजहि खरा आहे. पावसाळ्यांत धुकें, पहिल्या सरीनें वर आलेला तेलकट थर, शेवाळलेली मोरी, रस्त्यावर पसरलेला पेंढा, आणि ओले रूळ ह्यांपासून जपावें. रूळ ओलांडतांना चाक शक्य तितकें काटकोनांत न्यावें. तिरपें गेल्यास तें घसरतें. तिघांनीं एका गाडीवर बसणें तर कायद्यानेंच वर्ज्य आहे.

तोंपर्यंत काय करावें ?

अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्यानें हात जोडून बसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. सायकल चालवावी. तोल, वळण, मागें पाहणें, हातानें इशारा देणें, खड्डा चुकविणें, हें सर्व तीच शिकविते, आणि पेट्रोल मागत नाहीं. वडिलांची गाडी रविवारीं धुवावी, चेनला ऑइल द्यावें, स्पार्क प्लग काढून साफ करावयास शिकावें, टायरमधील हवा तपासावी. वाहतुकीचीं चिन्हें पाठ करावीं, कारण शिकाऊ परवान्याच्या परीक्षेंत तींच विचारतात. दोन वर्षें असें शिकलेला मुलगा ज्या दिवशीं बैठकीवर बसतो, त्या दिवशीं तो निम्मा चालक झालेला असतो.

पालकांनींहि आपलें वचन थोडें बदलावें. "पास झालास तर गाडी" असें न म्हणतां, "अठरा झाल्यावर मीच तुला शिकवीन, परवाना मिळाला म्हणजे घरांतली लहान गाडी तुझ्या हातीं देईन," असें म्हणावें. ह्या वचनानें मुलाची हौस मरत नाहीं, आणि बापाच्या जिवाला घोरहि लागत नाहीं. मोठी गाडी कधींच घेऊं नये, असें नव्हे. लहान गाडीवर दोन पावसाळे नीट काढलेल्या तरुणास ती घ्यावयाची कीं नाहीं हें त्याचें त्यालाच कळेल. पहिली गाडी मात्र आपल्या पायांच्या, आपल्या बळाच्या आणि आपल्या घरच्या मिळकतीच्या मापाची असावी.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एका इंजिनाच्या नळकांड्याचा व्यास ५.२ सेंटिमीटर व दट्ट्याची धांव ५.५ सेंटिमीटर आहे. तें किती घन सेंटिमीटरचें इंजिन झालें ?

२. वर दिलेल्या रीतीनें ताशीं ५० किलोमीटर वेगाच्या गाडीचें थांबण्याचें अंतर कोरड्या व ओल्या रस्त्यावर काढा.

३. तुमच्या घरापासून स्टेशन किंवा बाजार किती दूर आहे तें मोजून महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब मांडा.

४. घाट उतरतांना गाडी न्यूट्रल कां करूं नये, तें पांच ओळींत लिहा.

५. घरांत गाडी असल्यास तिची आर. सी., विमा व धुराचें प्रमाणपत्र ह्यांच्या मुदती वडिलांना विचारून वहींत टिपून ठेवा. मुदत संपलेली आढळल्यास त्यांस आठवण करून द्या.